ढवळा, पवळा आणि कॉर्न स्नेक

ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. शाळेतल्या म्हणींच्या यादीत ही म्हण ‘संगतीचा परिणाम’ एवढ्यावर उरकली जाते आणि तिच्यातला सगळ्यांत मोलाचा शब्द हातातून निसटतो. तो शब्द म्हणजे वाण. इथे वाण म्हणजे रंग. ढवळा पांढरा; संस्कृत धवल हे त्याचं मूळ उघड आहे. पवळ्याचं नातं पोवळ्याशी लावतात, म्हणजे तो तांबूस. दोघे एका दावणीला बांधले, एकाच गव्हाणीतला कडबा त्यांनी खाल्ला, की ढवळ्याचा मारकेपणा किंवा कामचुकारपणा पवळ्यात उतरेल. त्याचं पांढरेपण मात्र कितीही दिवस शेजारी उभं राहून उतरणार नाही. रंग संगतीनं येत नाही, तो रक्तातून यावा लागतो. गुण लागतो, वाण लागत नाही. आनुवंशिकता हा जडबंबाळ शब्द घडायच्या कितीतरी आधी कुणीतरी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, गुरं राखता राखता हा भेद पक्का ओळखला होता.

वाण हा वर्ण या शब्दाचाच मराठी अवतार. संस्कृतातला जोड रकार प्राकृतात विरघळला, वर्णाचा वण्ण झाला, मग दुहेरी व्यंजन एकेरी होताना आधीचा स्वर लांबला. कर्णाचा कान आणि पर्णाचं पान याच वाटेनं झालं. या रांगेत बघितलं तर आपल्याला वान मिळायला हवा, वाण नव्हे. कारण प्राकृतातल्या दुहेरी ‘ण्ण’चा मराठीत ‘न’ होतो. नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत तो ‘वान’ असाच ऐकू येतो. शहरी माणूस त्याला अशुद्ध म्हणतो, पण नियमानं पाहिलं तर गावचा उच्चारच सरळ वंशातला आहे. छापील ‘वाण’वर संस्कृत वर्णातल्या ‘ण’ची सावली पडलेली दिसते. मराठवाड्यात ‘आईवानी माया केली’ किंवा ‘येड्यावानी करू नको’ म्हणतात, तो ‘वानी’ही याच कुळातला मानतात: आईच्या वर्णाची, आईच्या जातकुळीची माया. वानगीदाखल मधली वानगी वर्णिकेतून आली. वर्णिका म्हणजे नमुना. सोन्याचा कस कसोटीच्या दगडावरच्या रेघेच्या रंगावरून ठरायचा, म्हणून कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुद्ध सोनं सोळा वर्णांचं असतं. रंग, प्रकार, दर्जा आणि सारखेपणा हे चारही अर्थ एकाच शब्दाच्या पोटी निपजले. (संक्रांतीला बायका लुटतात ते वाण वेगळं, ते वायनातून आलं; आणि वाणसामानातला वाणी हा वणिजाचा वंशज. ऐकायला सारखे, पण रक्ताचं नातं नाही.)

यास्कानं निरुक्तात वर्णाचं मूळ ‘वृ’ या धातूत, म्हणजे झाकण्यात, पांघरण्यात शोधलं. अंगावरून पांघरलेलं ते वर्ण. या अर्थाकडे पुढे सापाच्या निमित्तानं परत यावं लागेल.

आज वाण हा शब्द सगळ्यांत जास्त वाचायला मिळतो तो कृषी सेवा केंद्राच्या फळकुटांवर आणि बियाण्याच्या पिशव्यांवर. सुधारित वाण, संकरित वाण. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं दिलेल्या ‘नांदेड ४४’ या संकरित कापसानं मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला वर्षानुवर्षं साथ दिली, त्यालाही आपण वाणच म्हणतो. त्या वाणाचा रंगाशी संबंध उरलेला नाही. तो बोंडाचा, धाग्याचा, कीड सोसण्याचा आहे. रंगावरून निघालेला शब्द कुळावर येऊन थांबला. इंग्रजीतल्या ‘व्हरायटी’ला मराठी शब्द हवा होता तेव्हा कुणाला नवा घडवावा लागला नाही, आखाड्यावरचाच उचलता आला, ही मला मराठीची मोठी श्रीमंती वाटते.

तो शब्द ज्या गोठ्यातून आला तिथे मात्र त्याचा रंग अजून उडालेला नाही. लातूर जिल्ह्यातल्या देवणी, उदगीर, निलंगा, अहमदपूर या भागात आणि शेजारच्या बीदर जिल्ह्यात देवणी गुरं आहेत. फुगीर कपाळ आणि लोंबते कान पाहिले की गीर गाईची आठवण यावी. गीर आणि डांगी रक्त इथल्या गुरांत मिसळून ही जात घडली असं पशुतज्ज्ञ मानतात. या एका जातीत अंगावरच्या नक्षीवरून पोटभेद आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र मराठी नाव आहे. पांढऱ्या अंगावर काळे वेडेवाकडे चट्टे असतील तर शेवरा. सगळं अंग पांढरंशुभ्र असेल तर बालंक्या; काही ठिकाणी पोटाखालच्या बाजूला काळे ठिपके असलेल्यालाही बालंक्याच म्हणतात. अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या असतील तर वानेरा.

वानेरा हा शब्द शब्दवेड्याला चकवा देणारा आहे. आधीच वान डोक्यात बसलेला असला की वानेरा म्हणजे ‘वानाचा’, रंगाचा, असं जुळवून टाकायचा मोह होतो. पण उत्तर त्या जनावराच्या तोंडावर लिहिलेलं आहे. राखी-पांढऱ्या अंगाचं, काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं माकड मराठवाड्यात वानेर. लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं ते वानेर, असा भेद आपली भाषा करते. त्याच वानेराला ‘आ’ जोडून विशेषण झालं, जसं ढवळचं ढवळा. पांढऱ्या अंगावर काळं तोंड घेऊन उभा असलेला खोंड समोरून पाहिला, की नाव ठेवणाऱ्याची नजर किती नेमकी होती ते कळतं. व्युत्पत्तीत ध्वनीचा हिशेब जुळला तरी वस्तूकडे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये, ते अशासाठी.

चट्ट्यापट्ट्यांच्या देवणीला वाघ्या असंही म्हणतात. ठिपक्यांच्या जनावराला वाघ का, असं विचारणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं की गावच्या मराठीत बिबट्याही वाघच असतो. तिथे वाघपण पट्ट्यांत अडकलेलं नाही.

नांदेड जिल्ह्यात आलं की रंग बदलतो. कंधार, मुखेड, लोहा या तालुक्यांतली लाल कंधारी. कंधार हे राष्ट्रकूटांच्या काळचं कंधारपूर, पण आपल्याला इथे नावाच्या आधीच्या ‘लाल’शी काम आहे. हा शब्द फारसीतून आलेला. लाल म्हणजे मूळ माणिक. मराठीचा जुना शब्द तांबडा, ताम्रातून आलेला, म्हणजे तांब्याच्या रंगाचा. जातीच्या अधिकृत नावात तांबडा न येता लाल आला, तो कदाचित यामुळे की निजामाच्या मुलखात शतकानुशतकं कचेरीची भाषा फारसी-उर्दू होती आणि रंगाचा शब्दही तिच्याकडून आला. या गुरांचं दुसरं नाव मला जास्त आवडतं: लखलबुंदा. लालबुंद हा आपला रोजचा शब्द. रागानं माणूस लालबुंद होतो, टोमॅटो लालबुंद पिकतो. लखलबुंदा त्याचा सख्खा भाऊ वाटतो. त्यातला ‘लख’ उन्हात चमकणाऱ्या केसांची लकाकीही सांगून जातो. लाल कंधारीला ठिपका चालत नाही, सबंध अंग एकाच रंगाचं हवं. फिक्या तांबड्यापासून जवळजवळ तपकिरीपर्यंत छटा चालतात आणि वळू गाईपेक्षा गडद असतो. दोन शेजारी जिल्हे, एकाला नक्षीचं वेड, दुसऱ्याला सलग रंगाचं.

लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत ही दोन्ही जनावरं एका मैदानावर दिसतात. उदगीरजवळ हाळी-हंडरगुळीच्या बाजारातही. तिथली बोली ऐकावी. ‘दाताला किती हाय?’ ‘चौदाती.’ गिऱ्हाईक ओठ वर करून दात मोजतं: अदात, दोनदाती, चौदाती, सहादाती, जुळलेला. मग पाठीवरून हात फिरवून केसांचे भोवरे कुठे आहेत ते बघतं. मग दोन पावलं मागे सरून सबंध जनावर डोळ्यांत घेतं, आणि तेव्हा प्रश्न येतो तो रंगाचा. कबरा, बांडा, चांदा, भुरा, मोरा, हरण्या. कबरा संस्कृत कबर-कर्बुर यांच्या कुळातला. चांदा म्हणजे कपाळावर पांढरा टिळा घेऊन जन्मलेला. भाव ठरवताना रुमालाखाली बोटं दाबली जातात, तिथे शब्द लागत नाहीत. पण जनावराचं वर्णन करताना शब्दांची ही उधळण होते.

अगदी हेच वेड जगाच्या दुसऱ्या टोकाला एका सापाच्या बाबतीत लागलं आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक हा बिनविषारी, शांत साप. केशरी अंग, त्यावर काळ्या काठाचे तांबडे चट्टे, पोटाखाली काळा-पांढरा चौकडा. मक्याच्या कोठारात उंदरांमागे येतो म्हणून हे नाव पडलं असं काही सांगतात. रंगीबेरंगी दाण्यांच्या देशी कणसासारखं पोट दिसतं म्हणून, असं दुसरे. लिनिअसनं १७६६ मध्ये त्याला लॅटिन नाव दिलं ते गुट्टाटस. गुट्टा म्हणजे थेंब, अंगावर थेंब शिंपडलेला. म्हणजे शास्त्रज्ञानंही नक्षीच पाहिली.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ बर्नार्ड बेक्टेल आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी काळा रंगच नसलेल्या कॉर्न स्नेकची वीण करून त्याची आनुवंशिकता मांडली. त्यानंतर हौशी पाळणाऱ्यांनी या सापाचे इतके वाण काढले की त्यांची नावं लक्षात ठेवणं हीच एक विद्या झाली. मूळ हिशेब मात्र सोपा. सापाच्या कातडीत काळं रंगद्रव्य असतं, तांबडं-पिवळं असतं, आणि प्रकाश परतवणाऱ्या पेशींमुळे पांढरी झाक येते. काळं काढा, की साप केशरी-पांढरा होतो आणि डोळे गुलाबी. तांबडं काढा, की तो राखी-काळा. दोन्ही काढा, की गुलाबीसर पांढरा; त्याला तिकडे ‘स्नो’, म्हणजे बर्फ, म्हणतात. नक्षीचेही भेद आहेत: कुणाचे चट्टे जोडून साखळी होते, कुणाचे लांबलचक पट्टे. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी काळा रंग नसण्याचं कारण ‘ओसीए२’ या जनुकातल्या बिघाडात शोधलं. माणसातल्या एका प्रकारच्या रंगहीनतेमागेही हेच जनुक असतं.

आता यास्काचं पांघरूण आठवू. वर्ण जर अंगावरून पांघरलेला असेल, तर कात टाकणाऱ्या सापाचा वर्ण कातीबरोबर जायला हवा. कात हा शब्द संस्कृत कृत्तीतून, म्हणजे कातड्यातून आला. टाकलेली कात उजेडात धरली तर तिच्यावर नक्षी अगदी पुसट, धुरकट दिसते. थोडंसं काळं द्रव्य तेवढं तिच्यात राहिलेलं असतं. तांबडा, केशरी, सगळा थाट आतल्या कातडीतच राहतो. साप पांघरूण टाकतो, वाण टाकत नाही. तेव्हा सापापुरती तरी यास्काची व्युत्पत्ती अपुरी आणि आखाड्यावरच्या म्हणीची समज पुरी, असंच मी म्हणेन.

सापांना नक्षीवरून नाव देण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषारी साप अंगावरच्या खुणांनी ओळखले आहेत. पळीसारखा फणा ज्याला तो दर्वीकर. दर्वी म्हणजे पळी. अंगावर मंडलं, वर्तुळं असलेला तो मंडली. अंगावर राजी, म्हणजे रेघा असलेला तो राजिमंत. आजच्या भाषेत नाग, घोणस आणि मण्यार हे त्यांचे प्रतिनिधी धरतात. घोणशीच्या पाठीवरून तीन रांगांत जाणारे साखळीसारखे गोल ठिपके आणि मण्यारीच्या काळ्याभोर अंगावरचे बारीक पांढरे आडवे पट्टे एकदा नीट पाहिले, की ही वर्गवारी पुस्तकात बसून केलेली नाही हे पटतं. तिथेच चौथे निर्विष येतात आणि पाचवे येतात ते वैकरंज, म्हणजे दोन कुळांच्या संकरातून झालेले. माकुली, पोटगल, स्निग्धराजी ही त्यांची नावं. आणि पुढे ग्रंथकार चर्चा करतो ती अशी की यांतल्या पहिल्याचं विष बापासारखं, उरलेल्या दोघांचं आईसारखं, असं काहींचं मत आहे. नाग आणि घोणस यांचा संकर निसर्गात होत नाही, हे आपण आज जाणतो. पण पिल्लात कोणाचं काय उतरतं हा प्रश्न सापाच्या बाबतीत विचारावासा वाटला, तो इतक्या आधी आणि आपल्याच भूमीत, हे मला विलक्षण वाटतं. त्याच अध्यायात अंगाच्या तकाकीवरून सापांनाही ब्राह्मण, क्षत्रिय वगैरे चार वर्ण वाटले आहेत. रंगाचा शब्द माणसांच्या उतरंडीला चिकटला की तो सापालाही सोडत नाही, याचा हा दुःखद दाखला. मराठीनं वाण हा शब्द गुरांसाठी आणि बियाण्यांसाठी ठेवला आणि त्या उतरंडीपासून लांब नेला, याचं मला समाधान आहे.

बोलीतली सापांची नावंही अशीच डोळ्यांनी घडवलेली. कवड्या साप पाठीवरच्या पांढऱ्या आडव्या खुणांमुळे कवडीवरून, गवत्या हिरव्या रंगामुळे गवतावरून. कॉर्न स्नेकचा आपल्याकडचा जवळचा नातलग म्हणजे तस्कर. पूर्वी दोघे शास्त्राच्या दृष्टीनं एकाच वंशात, म्हणजे ‘जीनस’मध्ये, धरले जात. तस्कर संस्कृतातला चोर. मराठीनं त्याला सापाच्या अंगावर बसवला. हा साप पाहणाऱ्याला एक गंमत दिसते: मानेकडच्या अर्ध्या भागात आडव्या खुणांची चौकटी नक्षी आणि शेपटीकडे जाता जाता ती विरून दोन सरळ गडद पट्टे. अमेरिकेत ज्या दोन नक्ष्यांसाठी वेगवेगळ्या पिढ्या जुळवाव्या लागतात, त्या याच्या एका अंगावर निसर्गानं मांडल्या आहेत. त्याला पाळता मात्र येत नाही आणि येऊही नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचे साप बाळगायला मनाई आहे. शेतातल्या उंदरांवर जगणाऱ्या तस्कराची जागा बांधावरच आहे.

परदेशी कॉर्न स्नेक मात्र आपल्या महानगरांतल्या हौशी घरांत पोचला आहे, आणि त्याच्याबरोबर मॉर्फ हा शब्द. ग्रीक मॉर्फे म्हणजे आकार, रूप. खरं तर रंगभेदाला आकाराचा शब्द लावणं हीच ओढाताण आहे. वाण तिथे चपखल बसतो, कारण त्याच्या पोटात रंगही आहे आणि कूळही. मग पुढची नावंही आपल्या दावणीवरूनच का आणू नयेत? काळा रंग नसलेला, केशरी-तांबूस साप हा पवळा. तांबडा रंग नसलेला, राखी तो भुरा. दोन्ही नसलेला तो ढवळा. बर्फ न पाहिलेल्या लातूरच्या पोरालाही हा शब्द डोळ्यांपुढे उभा राहतो. चट्टे एकमेकांत मिसळलेला तो शेवरा. ही नुसती भाषांतराची हौस नाही. देवणीच्या पैदास केंद्रांवर आणि कागदपत्रांत ‘देवणी’ एवढीच नोंद होत राहिली आणि नांगरामागचे बैल जाऊन ट्रॅक्टर आले, की वानेरा-बालंक्या हे शब्द उच्चारायला निमित्तच राहणार नाही. शब्दाला जगायला वस्तू लागते, आणि एक वस्तू दुर्मिळ होत असेल तर दुसऱ्या वस्तूवर तो शब्द रुजवण्यात मला काहीच वावगं दिसत नाही. मराठीनं तस्कर चोरावरून सापावर नेलाच की.

एक अडचण उरते ती छुप्या वाणाची. दोन साध्या रंगाच्या सापांची जोडी लावावी आणि डझन-दीड डझन अंड्यांतून चारातलं एखादं पिल्लू काळ्या रंगाविनाच निघावं, असं होतं. आईबापांत तो वाण दिसत नाही, तरी दोघांच्या रक्तात एकेक वाटा असतो. तिकडचे लोक अशा आईबापांसाठी ‘हेटेरोझायगस’ या शब्दाचं आखूड रूप वापरतात. आपल्याकडे त्यासाठी एक नुसता शब्द नाही, पण एक क्रियापद आहे आणि ते कुठल्याही गोठ्यात, कुठल्याही बारशात ऐकायला मिळतं. ढवळ्या गाईला ठिपक्यांची कालवड झाली की म्हातारा तिच्याकडे पाहून म्हणतो, ‘आजीवर गेली.’ बाप सावळा, आई सावळी, लेक गोरी, तरी घरात कुणी दचकत नाही. ती आत्यावर गेलेली असते. ‘वर जाणे’ हे एवढंसं क्रियापद एक पिढी ओलांडून वाण पुढे नेतं. पिंजऱ्यात जन्मलेलं ते केशरी पिल्लूही आजीवर गेलेलंच असतं.